गुरम्मा टेस्ट

नंदूच्या चेष्टेतून सुटलेला माणूस अक्कलकोट रोडवरच्या त्या चादरीच्या कारखान्यात शोधून सापडला नसता. डिस्पॅचच्या अवधूतचा माऊस एकदा सकाळपासून हलेना. त्यानं चार वेळा कॉम्प्युटर बंद-चालू केला, वायर काढून फुंकर मारली, देवाचं नाव घेतलं. शेवटी माऊस उलटा करून बघितला तर खाली चिठ्ठी चिकटवलेली, ‘आधी जेवून घ्या, मग बघू.’ मॅनेजर उदयसिंह साहेबांचा कॉम्प्युटर चालू झाला की कोंबडा आरवायचा. साहेब दोन दिवस चिडले. तिसऱ्या दिवशी समोर बसलेल्या पार्टीला हसू फुटलं आणि ऑर्डर पक्की झाली. तेव्हापासून त्या कोंबड्याला हात लावायची कुणाला परवानगी नव्हती.

हे सगळं खपायचं, कारण कारखान्यातला एकूण एक कॉम्प्युटर नंदूच्या हातावर जगत होता. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधल्या फिटरचा हा मुलगा. बापानं इंजिनं ऐकून बिघाड सांगितले, पोरानं पंख्याचा आवाज ऐकून कॉम्प्युटरचे. दोन हजार तीन साली कारखान्यात पहिले तीन डबे आले तेव्हा त्यांच्याबरोबर नंदूही आला, आणि आता अठ्ठेचाळिशीत पोट थोडं पुढं आलेलं, शर्टाच्या खिशात पेनाच्या जागी स्क्रू-ड्रायव्हर, असा तो तिथंच होता. सगळे पासवर्ड त्याच्या डोक्यात. त्याला ताप आला की कारखान्याला कणकण यायची.

कामगारांची नावं पहिल्यांदा कॉम्प्युटरमध्ये घातली तीही त्यानंच, एका बोटानं. साखर पेठेतल्या एका मास्तरांनी बनवून दिलेला प्रोग्रॅम होता, काळा पडदा आणि पांढरी इंग्लिश अक्षरं. टाईप करता करता नंदू अडला. यादीत दोन गुरम्मा. एक शिलाईतली, एक घडीतली. दोघींच्या नवऱ्यांचं नाव सिद्धप्पा. आडनावाच्या जागी दोघींनी गाव सांगितलेलं, तेही एकच, मैंदर्गीच्या पलीकडचं. कॉम्प्युटर म्हणायचा एकच माणूस दोनदा घालू नका.

त्याच दुपारी घडीतल्या गुरम्मानं आपल्या डब्यातली कडक भाकरी मोडून त्याच्यापुढं धरली, वर शेंगाचटणीचा ढीग. नंदूच्या डोळ्यांतून पाणी आलं, कानातून धूर आला, आणि तरी त्यानं परत हात पुढं केला. जेवून आल्यावर चटणीच्याच बोटानं त्यानं तिच्या नावापुढं टाकलं, टेस्ट. टी, ई, एस, टी. गुरम्मा टेस्ट. झाला की फरक दोघींत. पहिल्यांदा हजेरी छापून आली आणि ते नाव वाचलं गेलं तेव्हा सगळं खातं हसलं. अर्थ कळल्यावर गुरम्मा सगळ्यांत जास्त हसली. पुढं शिलाईतली गुरम्मा काम सोडून गेली, हसणारे बरेचजण गेले, आणि नावाची ती गंमत काळ्या पडद्याआड तशीच राहून गेली.

गुरम्मा मात्र राहिली. दर सोमवारी नंदूच्या टेबलावर स्टीलचा छोटा डबा ठेवायची, मागच्या सोमवारचा उचलून न्यायची. घरात कानडी, कारखान्यात मराठी, आणि दोन्हीची मिसळ तोंडात. नंदूला ती तम्मा म्हणायची, म्हणजे धाकटा भाऊ. तो तिला अक्का. तिच्यावर केलेली नंदूची सगळ्यात मोठी चेष्टा कारखान्यात अजून सांगतात. त्यानं तिच्या हातात बदलीची ऑर्डर दिली होती, शिक्क्यासकट. ‘केम शाखा.’ केम या आडगावात कारखान्याची शाखा सोडा, टपरीसुद्धा नव्हती. पण गुरम्माला काय ठाऊक. ती अर्धा दिवस घड्या घालत रडली. जेवणाच्या सुट्टीत नंदूनं येऊन कागद टराटरा फाडला आणि तिच्या तोंडात पेढा कोंबला. तिनं त्याला पाठीत दोन धपाटे घातले आणि म्हणाली, “तम्मा, तू रडवतोस, पण शेवटी पेढा देतोस.”

या कारखान्यात एक रीत होती. वीस वर्षं पुरी केलेला माणूस निवृत्त झाला की त्याला त्याच्या नावाची चादर मिळायची. नाव भरलेलं नाही, छापलेलं नाही, मागावर चादरीबरोबर विणलेलं, काठालगत. विणायचा महादेवप्पा, नक्षीच्या जॅकार्ड मागाचा जुना कारागीर, आणि घडी घालायची गुरम्मा. आठपदरी घडी, कोपऱ्याला कोपरा, आणि नाव वर. तिला मराठी अक्षरं लागत नव्हती. पण कुणाचं नाव किती वीत भरलं ते तिच्या बोटांना पाठ होतं. साठ-सत्तर जणांची नावं तिनं अशी वर काढून दिली असतील. स्वतःच्या चादरीचा रंग तिनं महादेवप्पाला पाच वर्षं आधीच सांगून ठेवला होता. मोरपंखी, काठ तांबडा.

मग कारखाना पुण्याच्या एका मोठ्या कंपनीनं घेतला.

पुण्याहून पहिल्यांदा मेल आले, मग माणसं आली, मग नवे कॉम्प्युटर आले. नंदूला वाटलं, बरं झालं. पण नव्या कॉम्प्युटरनं त्याला ओळखच दिली नाही. आत काही घालायचं, काढायचं, बदलायचं तर पुण्याची परवानगी. बावीस वर्षं जो सगळ्या मशीनचा मालक होता त्याच्या नावापुढं आता लिहिलं होतं ‘स्थानिक साहाय्यक’. प्रिंटरला कागद अडकला तरी आधी पुण्याला तक्रार टाकायची, तिला ‘तिकीट’ म्हणायचं. तिकिटाला दोन दिवसांनी उत्तर यायचं की प्रिंटर बंद करून चालू करून पाहिला का. एकदा गेटवर माल भरलेला ट्रक उभा, बिल निघायचं बाकी, आणि भर दुपारी सगळे कॉम्प्युटर आपोआप निळे झाले. संगणक अद्ययावत होत आहे, कृपया बंद करू नका. ड्रायव्हरच्या दोन झोपा झाल्या. पेन ड्राइव्ह लावायच्या भोकांना पुण्यानं पांढरी बुचं मारली. नंदूनं दुसऱ्या दिवशी त्या बुचांना हळदकुंकू वाहून अगरबत्ती लावली. उदयसिंह साहेबांनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं.

कंपनीच्या नव्या सॉफ्टवेअरचं नाव होतं ‘सुलभ’. आता सुलभ म्हटल्यावर सोलापूरच्या माणसाच्या डोळ्यांपुढं एसटी स्टँडवरचं काय येतं, हे पुण्यात कुणी विचारलं नसावं. पहिल्याच दिवशी नंदूनं दारावर पाटी लावली, ‘सुलभ आत आहे. पाणी बरोबर आणावे.’ महिनाभर तेवढ्यावर कारखाना हसला.

पण सुलभला जुनं काही नको होतं. हजेरीची जाडजूड रजिस्टरं रद्दीत गेली. पुण्याचा हुकूम, कागद ठेवायचा नाही. जुन्या प्रोग्रॅममधली माहिती एका फाइलीत पुण्याला गेली आणि जुनं मशीन पुसायचं काम नंदूलाच दिलं. ‘माहिती कायमची नष्ट केली’ अशा कागदावर त्यानं सही केली. फक्त पुसायच्या आधी त्यानं एक प्रत काढून जुन्या हार्ड डिस्कवर घेतली आणि भाकरीच्या फडक्यात गुंडाळून भंगारखोलीतल्या कपाटात टाकली. बापाची शिकवण, जुना नट टाकायचा नाही.

सुलभ गेटवर चालू झालं तो गुरुवार होता. तोंड बघून आत सोडणारं मशीन बसवलं होतं. माणूस समोर आला की ते बाईच्या गोड आवाजात नाव घ्यायचं आणि दांडी वर जायची. गुरम्मा समोर उभी राहिली, पदर नीट केला. मशीन म्हणालं, “नोंद नाही.”

वॉचमन हरिबानं तिला मागं सरून परत उभं केलं. परत तेच. गुरम्मा मशीनकडं न बघता त्याच्या केबिनच्या मागं डोकवायला लागली. नंदू कुटं लपलाय, म्हणाली.

नंदू आला तेव्हा तिनं त्याचा कान धरला. तो म्हणाला, अक्का, मी काय बी केलं न्हाय. ती म्हणाली, केमच्या वेळी बी असंच म्हणालास की. रांगेतली सगळी हसली. हरिबानं तात्पुरता मार्ग काढला. पाहुण्यांसाठी लाल पास असायचा, तो तिच्या नावानं फाडला. त्यावर रकाना होता, कुणाला भेटायचे. गुरम्मानं ऐटीत सांगितलं, “लिव्ह, नंदूला.”

तिच्या निवृत्तीला एकवीस दिवस राहिले होते.

संध्याकाळी पाहुण्यानं पास परत द्यायचा, आणि ज्याला भेटला त्याची त्यावर सही लागायची. पहिल्या दिवशी नंदूनं सही केली, ‘स्टेशन मास्तर, केम’. हरिबा वाचून हसला, गुरम्माला अर्थ सांगितला, ती हसत घरी गेली. दुसऱ्या दिवशी ‘सरपंच, वेळापूर’. तिला रोज संध्याकाळी कळायचं आज तम्मा कोण झाला ते. कधी तो जिल्हाधिकारी झाला, कधी तहसीलदार, कधी सर्कशीचा मालक. तिच्या लेखी ही बदलीच्या ऑर्डरहून मोठी चेष्टा चालली होती. आणि जेवढं रडवणं मोठं तेवढा पेढा मोठा, हा तिचा हिशोब. चादर मिळायच्या दिवशी हा काहीतरी काढणार.

नंदूनं पहिलं तिकीट त्याच दिवशी टाकलं होतं. उत्तर आलं, कर्मचारी क्रमांक द्या. त्यानं दिला. हा क्रमांक अस्तित्वात नाही. दुसरं तिकीट नावानं टाकलं. उत्तर आलं, गुरम्मा सिद्धप्पा, शिलाई विभाग, दोन हजार सोळा साली काम सोडले आहे. तक्रार निकाली काढण्यात येत आहे. नंदूनं लिहिलं, ती दुसरी गुरम्मा, ही घडीतली. तिकीट निकाली निघालं होतं, त्यात लिहिता येत नव्हतं. पीएफ सरकारकडं होता, तो कुठं जात नव्हता. गेली होती ती वर्षं. सुलभच्या लेखी ही बाई या कारखान्यात कधी आलीच नव्हती, आणि चादरींची यादी सुलभमधूनच निघायची.

आठव्या दिवशी दुपारी तो भंगारखोलीत गेला. भाकरीचं फडकं सोडलं, हार्ड डिस्क एका जुन्या डब्याला जोडली. काळा पडदा उजळला, पांढरी अक्षरं आली. त्याला जुन्या मित्राच्या घरी आल्यासारखं वाटलं. त्यानं जी, यू, आर टाईप केलं. दोन नावं आली. पहिल्यापुढं काही नव्हतं. दुसऱ्यापुढं चार अक्षरं होती.

नंदू बराच वेळ तिथं स्टुलावर बसून राहिला. जिभेवर त्या पहिल्या दिवसाची चटणी आली.

पुण्याच्या कचेरीत हे काम बघणाऱ्या बाईंना त्यानं फोन लावला, त्यांचं नाव ज्ञानदा. आवाजावरून त्याच्या पोरीच्या, अंकिताच्या वयाच्या. त्यांनी वैतागल्याचं एकदाही दाखवलं नाही. शोधून सांगितलं की माहिती आत घेताना एक नियम लावला होता. नावात टेस्ट, डेमो, डमी असं काही असेल तर ती खोटी नोंद समजून आपोआप गाळायची. सगळ्याच कारखान्यांतून अशा नोंदी निघाल्या, लोक मशीन चालतंय का बघायला काहीही टाकतात.

नंदू म्हणाला, “मॅडम, ते टेस्ट म्हणजे चव. त्यांच्या चटणीची टेस्ट. आमच्याकडं तसंच म्हणतात.”

ज्ञानदा हळूच म्हणाल्या, “सर, चवीचं स्पेलिंग वेगळं आहे. टी, ए, एस, टी, ई.”

अठ्ठेचाळीस वर्षांत नंदूला हे कुणी सांगितलं नव्हतं. त्याच्या तोंडात दोन्ही शब्द एकच होते. सगळ्या सोलापूरच्या तोंडात एकच होते. एक ए इकडं असता आणि एक ई शेवटाला, तर बाई गेटातून सरळ आत गेली असती.

मॅडम म्हणाल्या, फोटो पाठवा, मी वर दाखवते. त्यानं काळ्या पडद्याचा फोटो पाठवला. दोन दिवसांनी वरून उत्तर आलं ते उदयसिंह साहेबांच्या नावानं. नष्ट केलेल्या माहितीची प्रत जवळ ठेवणं हा गंभीर नियमभंग आहे, ती ताबडतोब पुसावी, संबंधिताला ताकीद द्यावी. आणि फोटोमध्ये नावापुढं स्पष्ट टेस्ट लिहिलेलं असल्यामुळं नोंद गाळली ते बरोबरच होतं.

साहेबांनी दार लावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, “हे बघ नंदू. ज्यानं हे टाईप केलं त्यानं लेखी दिलं की नाव खरं आहे, चूक माझी आहे, तर मी पुण्याशी भांडू शकतो. कुणी टाईप केलं होतं?”

टेबलावर ताकीद पडलेली. दुसरी पडली की घरी, हे साहेबांनी सांगायची गरज नव्हती. अंकिताचं लग्न ठरत आलेलं. आणि ज्या माणसानं जन्मभर प्रत्येक चेष्टेखाली छाती काढून सांगितलं होतं की मीच केली, तो म्हणाला, “लई जुनी गोष्ट हाय साहेब. केलं असंल कुणीतरी.”

साहेबांनी त्याच्याकडं बघितलं. मग म्हणाले, आठवलं तर कागद आणून दे. महिनाअखेरीच्या आत.

कागद त्यानं त्याच दिवशी लिहिला. घडी करून शर्टाच्या खिशात घातला, स्क्रू-ड्रायव्हरच्या मागं. रोज सकाळी साहेबांच्या दारापर्यंत जायचा, आतून साहेबांनी जपलेल्या जुन्या कॉम्प्युटरचा कोंबडा आरवायचा, आणि हा परत फिरायचा. खिशात घामानं त्या कागदाच्या घडीवरची शाई फुटली. संध्याकाळी तो लाल पासवर सही करायचा. आज चीफ इंजिनिअर, उद्या नाटक कंपनीचा मालक. हरिबा वाचायचा, गुरम्मा हसायची. एकदा जाता जाता तिनं विचारलं, “अजून किती दिस ताणणार रं? माझं लेकरू म्हणतंय, आई, चादर आणल्याशिवाय येऊ नको.” लेकरू म्हणजे तिची नात, आरोही. नंदू म्हणाला, दम धर की अक्का. त्याचं त्यालाच आपल्या तोंडाचं नवल वाटलं.

ज्या दिवशी कागद दिला तो तिचा शेवटचा दिवस होता. दाराशी उभा न राहता नंदू सरळ आत गेला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी शाई फुटलेली अक्षरं कशीबशी लावली. तिथल्या तिथं पुण्याला फोन लावला, ज्ञानदा मॅडमनी तिकडं बसून सुलभ उघडलं. त्यांनी खरंच प्रयत्न केला, नंदूला फोनवर बटणांचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, सर, आज गुरम्मांना अठ्ठावन्न पुरी झाली. सिस्टीम नाव घेत नाहीये. काल कागद आला असता तर घेतलं असतं.

काल कागद त्याच्या खिशात होता. परवाही होता.

नंदू तिथनं जो निघाला तो सरळ मागांच्या खात्यात महादेवप्पाकडं गेला. पुण्याच्या कंपनीनं बसवलेले नवे माग सुलभच्या ऑर्डरशिवाय एक धागा विणत नसत. महादेवप्पा म्हणाला, एकच वाट हाय. मशीन नीट चालतंय का बघायला एक तुकडा काढता येतो, त्याला कुणाचा नंबर लागत न्हाय. पूर्ण चादरीएवढा काढू की, कोण मोजतंय. फक्त त्याच्या काठाला सुलभ आपला शिक्का आपोआप विणतंय. तो मला काढता यायचा न्हाय.

शिक्का काय, हे नंदूनं विचारलं नाही. त्याला ठाऊक होतं.

मोरपंखी सूत चढलं. तांबडा काठ. खडखडाट सुरू झाला आणि काठालगत एकेक अक्षर वर यायला लागलं. गु आला, र आला, म्मा आला. महादेवप्पानं अक्षरं चांगली वीतभर उंचीची घेतली होती. नंदूनं हात लावून बघितला, सूत कोमट होतं. मग नाव संपलं, आणि मागानं न थांबता पुढची चार इंग्लिश अक्षरं विणली.

पाच वाजता तो घडीखात्यात गेला. निरोपसमारंभ नव्हता, कारण यादीत कुणी नव्हतं. बायकांनी आपापसात बत्तासे वाटले होते. गुरम्मा टेबल पुसत होती. त्याच्या काखेत मोरपंखी दिसल्यावर तिनं फडकं टाकलं आणि तोंडावर दोन्ही हात ठेवले.

“मला ठाऊक हुतं,” ती बायकांना म्हणाली. “म्हटलं न्हवतं, शेवटी काढतोय ते? एकवीस दिस रडवलं मेल्यानं.”

तिनं चादर टेबलावर उलगडली. काठ हातात घेतला आणि नावावरनं बोट फिरवत निघाली. कानडी तीन यत्ता शिकलेली बाई, मराठी अक्षर लागत नव्हतं, तरी प्रत्येक वळणावर बोट थांबवून पुढं नेत होती. नाव संपलं. बोट पुढच्या अक्षरांवर गेलं आणि थबकलं. इंग्लिश तिला येत नव्हतं. पण ही चार अक्षरं घडीखात्यातल्या कुठल्याही बाईला येत होती. ज्या तुकड्यावर ती असतील त्याची घडी घालायची नाही, तो कोपऱ्यातल्या ढिगात टाकायचा, मशीन पुसायला. नवे माग आल्यापासून तिनं असे तुकडे ढिगात टाकले होते.

“तम्मा,” ती म्हणाली. “हे तर पुसायच्या ढिगातलं हाय की रं.”

नंदूला पेढा आणल्यासारखं काहीतरी बोलता आलं असतं. सवयीनं ओठांवर आलंही होतं, की हे चटणीचं टेस्ट हाय अक्का, तुझी पदवी. ती विश्वास ठेवून हसली असती आणि चादर पांघरून गेली असती.

त्यानं सांगितलं. पहिल्या दिवसाची भाकरी, दोन गुरम्मा, एका बोटानं टाकलेली चार अक्षरं, पुण्याचा नियम. खिशातला कागद आणि किती दिवस तो खिशात राहिला, तेही.

शेवटी तिनं एवढंच विचारलं, “म्हंजी ही चेष्टा न्हवती?”

“चेष्टाच हुती अक्का,” नंदू म्हणाला. “पण ही न्हवं. ती. बावीस वर्षांमागची.”

गुरम्मानं चादरीचे कोपरे धरले. हातांना दुसरं काही येत नव्हतं. कोपऱ्याला कोपरा, दोनपदरी, चारपदरी, आठपदरी. घडी अशी बसली की वर नाव आलं, नेहमीसारखं. तिनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मग सगळी घडी उलगडली, उलटी केली आणि परत घातली, नाव आत. पिशवीत ठेवली.

“माझा डबा दे,” म्हणाली.

बावीस वर्षांत तिनं डबा मागितला नव्हता. सोमवार येईल तेव्हा उचलायची. नंदू पळत टेबलाकडं गेला. तळाला थोडी चटणी चिकटलेली होती. धुऊन देतो म्हणाला, तर तिनं तसाच घेतला.

गेटवर हरिबानं लाल पास पुढं केला. त्याला आत काय झालं ते ठाऊक नव्हतं. तो हसायच्या तयारीत उभा होता. नंदूनं पास केबिनच्या भिंतीला टेकवला आणि रकान्यात आपलं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट, आडनावासकट. भेटीची वेळ संपली, पाच वाजून चाळीस. हरिबानं वाचलं आणि तो गोंधळला, यात हसायचं काय.

गुरम्मा पिशवी सावरत रस्त्याकडं तोंड करून उभी होती. रोजच्या सवयीनं की काय, तिनं मागं वळून विचारलं, “आज कोण झालास?”

“कोण न्हाय अक्का,” तो म्हणाला. “मीच हाय. नंदू.”

तिनं मान हलवली. समोरून अक्कलकोटची गाडी येत होती, तिला हात करायला ती पुढं गेली.